रिकव्हरीचं तिसरं मिनिट

“साहेब, फक्त सही-शिक्का पाहिजे. माले काहीच तरास नही.” रावेरकडचे केळीबागायतदार, वय ५१, रोज पहाटे ५० किलोमीटर सायकल. इटलीतल्या हौशी सायकल स्पर्धेची नोंदणी झालेली, तिकीट काढलेलं, तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला देण्याची मुदत आठ दिवसांवर. हा कागद लोक सगळ्यात शेवटी आठवतात, आणि फॉर्म वाचलेला नसतोच.

इटलीत १९८२ च्या मंत्रालयीन आदेशानुसार स्पर्धात्मक सायकलिंगच्या दाखल्यासाठी शारीरिक तपासणी, लघवीची पूर्ण तपासणी, आरामातला व श्रमानंतरचा ईसीजी आणि स्पायरोमेट्री (फुंकून घेतलेली फुप्फुसांची तपासणी) लागते. दाखल्याची मुदत वर्षभराची, आणि तो स्पर्धेच्या दिवशी चालू असावा लागतो. ‘सायकलिंग’सोबत ‘स्पर्धात्मक’ हा शब्द नसेल तर कागद परत येतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच घालायचं. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, एवढ्यावरूनही अडतं. शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे.

लघवीच्या आधी ४८ तास जोराची सायकल बंद ठेवायला सांगतो. नाहीतर श्रमानेच प्रोटीन किंवा रक्तपेशी दिसतात आणि निरोगी माणूस किडनीच्या डॉक्टरकडे फिरत बसतो.

ईसीजीत सगळ्यात जास्त गोंधळ इलेक्ट्रोडच्या जागेचा. छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटाने चाचपायचा, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिथून फटी मोजत चौथ्या फटीत व्ही१ आणि व्ही२ हे छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड. घाईत ते वर लागतात आणि आलेखात नसलेला आजार उमटतो. स्ट्रेस टेस्टला, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतलेल्या ईसीजीला, छातीचे केस काढून, त्वचा घासून मगच चिकटवायचे. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने पट्टी सुटते आणि नेमक्या शेवटच्या मिनिटांची रेघ थरथरते.

यांची आरामातली नाडी ४८. सराव असलेल्या सायकलस्वाराला ते साजेसंच. ट्रेडमिलवर ब्रूस प्रोटोकॉल, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. वयानुसार नाडीची अंदाजे कमाल २२० वजा वय, म्हणजे १६९, त्याचे ८५ टक्के १४४. अनेक ठिकाणी तिथेच यंत्र थांबवतात. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या मारातोना या सायकल स्पर्धेचा मोठा मार्ग १३८ किलोमीटरचा, चढ ४,२३० मीटर. अशा स्पर्धेला निघालेल्या माणसाची तपासणी १४४ वर थांबवणं मला पटत नाही. दमून ‘बस’ म्हणेपर्यंत चालवायचं. हे १२ मिनिटं ४० सेकंद चालले, नाडी १७१, छातीत काही नाही, रेघ ठीक.

ट्रेडमिल थांबल्यावर रिकव्हरीच्या दुसऱ्याच मिनिटाला टेक्निशियन वायरी काढायला पुढे झाला. मी थांबवलं, सहा मिनिटं नोंद ही माझी सक्त सूचना आहे, आणि ती दर वेळी नव्याने सांगावी लागते. तिसऱ्या मिनिटाला व्ही५ आणि व्ही६ मध्ये एसटीची रेघ, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय का ते सांगणारा आलेखाचा भाग, खाली उतरू लागली. ‘जे’ बिंदूनंतर (एसटी सुरू होते ती जागा) ८० मिलिसेकंदांवर मोजलं तर कागदावर दीड बारीक चौकोन, म्हणजे दीड मिलिमीटर, तेही खाली झुकणारं. सहाव्या मिनिटालाही ते पूर्ण सरळ नव्हतं.

दाखला अडवला आणि सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचं सीटी स्कॅन, लिहून दिली. त्रास नसलेल्या, तंदुरुस्त माणसात अशी रेघ खोटी निघणं नवीन नाही. त्यांच्या धमन्या स्वच्छ असतील, असं मलाही वाटतं. पण ‘स्पर्धेस योग्य’ या ओळीखाली ते वाटणं लिहिता येत नाही. ते चिडले. “मी कन्नडचा घाट न थांबता चढतो,” एवढं बोलून फाइल घेऊन गेले.

चार दिवसांनी त्यांच्या मुलाने मोबाइलवर फोटो पाठवला. दुसऱ्या एका डॉक्टरांचा दाखला: नाडी, बीपी नॉर्मल, स्पर्धात्मक सायकलिंगला योग्य. ईसीजीचा उल्लेखच नाही. खोटा दाखला दिल्यास डॉक्टरची नोंदणी जाऊ शकते, प्रत्येक दाखल्याची नोंदवहीत नोंद ठेवून प्रत जपायची, ओळखखूण लिहायची, हे नियम आपल्याकडे २००२ पासून आहेत. तरी दोन मिनिटांत शिक्का मिळतो आणि लोक त्यालाच चांगला डॉक्टर म्हणतात, याची मला चीड येते.

मुलाला फोन करून सीटीचं पुन्हा सांगितलं. “बाबांशी बोलतो,” म्हणाला. माझ्या वहीत त्या दिवशीच्या क्रमांकापुढे नाव आणि ‘डाव्या मनगटावर जुना व्रण’ एवढंच आहे. शेराच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.