पूल कधी खालावेल? अंदाज बांधण्याचा माझा अनुभव

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पुलांच्या डेक स्लॅबची, म्हणजे ज्या काँक्रीटच्या थरावरून वाहनं जातात त्याची, झीज आधीच ओळखणारं मॉडेल हाती घेतलं. आज ठीक असलेला स्लॅब दहा वर्षांनी कोणत्या अवस्थेत असेल, आणि त्यावरून दुरुस्तीचा पैसा आधी कुठल्या पुलाला द्यायचा, एवढंच शोधायचं होतं.

माहिती अमेरिकेच्या नॅशनल ब्रिज इन्व्हेंटरीतून, म्हणजे तिथल्या पुलांच्या राष्ट्रीय नोंदवहीतून घेतली. १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. त्यानंतर तिथे नियमित तपासणीचे नियम आले, आणि आज सहा लाखांहून अधिक पुलांच्या नोंदी कुणालाही पाहता येतात. डेकला ० ते ९ गुण मिळतात: ७ किंवा जास्त म्हणजे चांगला, ४ किंवा कमी म्हणजे खराब. तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते.

सुरुवात मार्कोव्ह साखळीने केली, म्हणजे फक्त आजच्या गुणावरून पुढच्या गुणाची शक्यता काढणाऱ्या पद्धतीने. सात गुणांच्या डेकपैकी ८१ टक्के पुढच्या तपासणीतही सातवरच राहत असतील, तर वर्षभरात टिकण्याची शक्यता ०.९ (कारण ०.९ चा वर्ग ०.८१), म्हणजे त्या पायरीवर सरासरी मुक्काम दहा वर्षांचा. गणित इतकं सुटसुटीत आहे की त्याच्या प्रेमातच पडायला होतं.

सगळा वेळ खाल्ला तो नोंदींनी. पाच गुणांचा डेक पुढच्या वेळी सातवर! काँक्रीट आपोआप बरं होत नाही. मोठ्या पुनर्बांधणीचं वर्ष नोंदलेलं असतं, पण मधल्या दुरुस्त्या बऱ्याचदा कळतच नाहीत. शिवाय एकाच डेकला एक तपासनीस पाच देतो, दुसरा सहा. शेवटी मी नियम ठरवला: एका गुणाची वाढ लगेच उतरली तर ती तपासनिसांमधली तफावत, दोन किंवा जास्त गुणांनी वाढला तर दुरुस्ती झाली असं धरून त्या डेकचा इतिहास तिथे तोडायचा आणि पुढचा वेगळा मोजायचा. हे न करता चालवलेलं मॉडेल झीज खरी असते त्यापेक्षा मंद दाखवतं, आणि नियोजनात याहून धोकादायक चूक नाही.

उलट बाजूचा सापळाही आहे. नोंदी संपतात तेव्हा कितीतरी डेक अजून सातवरच असतात. ते वगळले, तर लवकर घसरलेलेच मोजले जातात आणि सगळेच पूल अल्पायुषी वाटतात. ‘निदान इतकी वर्षं तरी टिकला’ ही माहितीसुद्धा मोजावी लागते. त्यासाठी मी सर्व्हायव्हल पद्धतीकडे वळलो, जी एखादी गोष्ट किती काळ टिकते हे अशा अपुऱ्या नोंदींसकट मोजते.

तिथेच मार्कोव्हची खरी मर्यादा उघडी पडली. त्याच्या लेखी कालच सातवर आलेला आणि पंधरा वर्षं सातवर असलेला डेक सारखाच. प्रत्यक्षात बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठातलं क्लोराइड वर्षानुवर्षं कव्हरमधून (सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणातून) झिरपत असतं आणि वर काहीच दिसत नाही. ते सळईपर्यंत पुरेसं पोचलं की गंज धरतो. गंजाला मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट जागा लागते, म्हणून कव्हर तडकतं, पापुद्रे सुटतात आणि घसरण वेगाने होते. मुक्काम लांबेल तशी घसरणीची शक्यता वाढणारं वायबुल वितरण वापरलं, तेव्हा हे चित्र आकड्यांत उतरलं. मीठ पडणारे आणि न पडणारे प्रदेशही वेगळे केले. एकत्र सरासरी दोघांवरही अन्याय करते.

निकाल पाहून मार्गदर्शक सर म्हणाले, “वर्ष सांग, शक्यता नको.” मी वर्ष दिलं नाही. दहा वर्षांत चारवर येण्याची प्रत्येक डेकची शक्यता आणि शेजारी त्या पुलावरची वाहतूक, असा तक्ता दिला. कारण ३० टक्के शक्यतेचा वर्दळीचा पूल ६० टक्क्यांच्या आडवाटेच्या पुलाआधी घ्यावा लागू शकतो. सरांना ते पटलं.

पुरात खांबाच्या पायाखालची माती वाहून जाणं मात्र या तक्त्यात येत नाही. डेकला आठ गुण असतानाही तो धोका असतो. म्हणून नदीवरच्या पुलांसाठी पायाची खोली आणि पात्राची स्थिती पाहून करायची स्वतंत्र यादी अहवालाला जोडली.