पान १४: पिवळी मारबत हिरवी झाली त्याची गोष्ट

तान्ह्या पोळ्याच्या (म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशी नागपुरातल्या जागनाथ बुधवारीच्या गर्दीत चपला सांभाळत उभी होते, तेव्हाच ठरलं, माझ्या चित्रवहीचं पुढचं पान मारबतीचं. मारबत म्हणजे ईडा पीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीनं काढतात तो बाईचा मोठा पुतळा. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. माझा जीव पिवळीवर. आणि खरं सांगायचं तर बांबू, कागद, कापड, रंग असं सगळं एकत्र बांधून गल्लोगल्ली फिरवायचं, याहून मोठं मिक्स्ड मीडिया आपल्या नागपुरात दुसरं काय आहे?

वही तीच, जुनी रोजमेळाची. कागद पातळ, म्हणून तीन पानं फेव्हिकॉलनं एकत्र चिकटवली. फेव्हिकॉल जुन्या एटीएम कार्डानं ओढून अगदी पातळ पसरायचा. बोटानं थापला की पान वाळताना पापडासारखं वळतं. तरी थोडं वळलंच, कारण ओली बाजू फुगते आणि कोरडी जागची हलत नाही. मग दोन्ही बाजूंना बटर पेपर लावून रात्रभर पाट्याखाली ठेवलं. सकाळी सरळ.

आता मुख्य भानगड. पार्श्वभूमीला मराठी वर्तमानपत्राचे तुकडे फाडून लावले होते (कापू नका, फाटलेली कड रंगात मिसळून जाते). त्यावर थेट लिंबू-पिवळा ॲक्रिलिक. दहा मिनिटांनी बघते तर मारबत शेवाळी! पिवळा रंग बहुतेक वेळा पारदर्शक असतो, खालची काळी शाई त्यातून दिसते, आणि काळ्यावरचा पिवळा डोळ्याला हिरवाच वाटतो. मला हे माहीत होतं. लिंबू-पिवळ्यात काळा मिसळून शंभरदा पाहिलंय. पण हातात ब्रश आला की अक्कल बाजूला राहते.

शेजारच्या आजी डोकावल्या. "काव, हे मारबत हाय का कच्चं संत्रं? कायले एवढी मेहनत करून राहिली?"

त्यांच्या 'संत्र्या'नंच वाट दाखवली. मृग बहाराच्या संत्र्यांची लाल जाळी फेब्रुवारीपासून ड्रॉवरमध्ये पडून होती. चेहऱ्याच्या जागी आधी जेसोचा (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात दिला, पूर्ण झाकेल असा नाही, मधूनमधून 'बाजारभाव' हा शब्द डोकावेल असा. तो पूर्ण वाळल्यावर पुन्हा पिवळा. या वेळी हळदीसारखा लखलखला. मग जाळी ताणून धरली आणि जवळजवळ कोरड्या स्पंजनं नारिंगी टिपला. स्पंज ओला असला की रंग जाळीखाली शिरतो नि खवल्यांऐवजी नुसते डाग उरतात. कडेचं शेवाळ तसंच ठेवलंय. ते आता तिच्या लुगड्याचे काठ झालेत.

केसांना गुलाबी पतंगी कागद. हा ओला झाला की रंग सोडतो, हे दोष म्हणून सांगतात. मी मुद्दाम पाण्याचे चार थेंब टाकून पान उभं धरलं. गुलाबी ओघळ कपाळावरून थेट नाकापर्यंत आले. डोळे म्हणजे दोन मोठी बटणं, सुईदोऱ्यानं शिवलेली. चिकटवलेली बटणं वही मिटताना हमखास निघतात.

दाताशी अडले. पांढऱ्या जेल पेननं काढायला गेले, पण खाली ऑईल पेस्टल होतं. मेणावर पेन दोन रेघांत गुदमरलं, टोक पुसून पुसून चालू केलं. पेस्टल नेहमी सगळ्यात शेवटी, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय आता.

भाद्रपदातल्या या दमट हवेत ॲक्रिलिकची पानं वाळल्यावरही एकमेकांना चिकटतात, त्यामुळे मध्ये बटर पेपर असू द्या. माझं पान ११ असंच सोलून निघालं, त्याबद्दल नंतर कधी.

उजवीकडे "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत" हे रबरी शिक्क्यांनी उमटवलंय. 'खो' उलटा पडला. राहू दिला.

डावीकडे बडग्या, म्हणजे मारबतीसोबत निघणारा, गळ्यात निषेधाची पाटी घातलेला पुतळा. पुठ्ठ्याचा, हातपाय टिचबटणांवर हलणारे. त्याच्या गळ्यातली पाटी अजून कोरी आहे. उमेदवार दोन: 'जरा नीट काढ' आणि 'याचा उपयोग काय?' एका पाटीवर दोन्ही मावेनात, म्हणून काल रात्री दुसरी कापली.