एस्टीमचा घरगुती कोल्ड एअर इन्टेक: लेव्हल ट्यूबमधलं लाल पाणी काय सांगतं

इंजिनाला बाहेरची थंड हवा पोचवणारी नळी, म्हणजे कोल्ड एअर इन्टेक, मी मारुतीच्या एस्टीमला घरीच बनवली. तिचं काम आता गाडी रोज चालवण्याइतपत झालंय. मूळ एअर बॉक्स आणि कागदी फिल्टर तसेच ठेवलेत, त्यांच्या पुढची नळी तेवढी नवी. बोनेट उघडल्यावर चकचकीत कोन फिल्टर (बॉक्सशिवाय लावतात तो शंकूच्या आकाराचा फिल्टर) दिसेल म्हणून जे डोकावतात, त्यांचा हिरमोड होतो. आधी आकडे बघा, मग बोलू.

गाडी एस्टीम, जी13बीबी इंजिन, 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, कागदोपत्री 85 बीएचपी. हिच्यात हवेचा अंदाज एमएपी सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारा सेन्सर घेतो, त्यामुळे फिल्टरच्या पुढेमागे नळ्या बदलल्या तरी ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) हिशोब चुकत नाही. एमएएफवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असतो त्यांनी, सेन्सरच्या आसपासच्या नळीचा व्यास बदलू नये आणि तेल लावलेला फिल्टर वापरताना जपावं. ते तेल सेन्सरच्या तारेवर बसतं.

काही कापायच्या आधी अडथळा नेमका कुठे आहे ते शोधायचं होतं. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली, प्लायच्या पट्टीवर यू आकारात बसवली, शेजारी मेजरिंग टेप चिकटवली आणि आत खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी भरलं. फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) मधल्या रबरी होजला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आतली पिन काढून. तिथून बारीक नळी केबिनमध्ये. मध्ये एक रिकामी बाटली हवीच, नाहीतर पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाईल. गाडी चालवणाऱ्याने पाण्याकडे बघायचं नाही, शेजारी वाचणारा माणूस बसवायचा.

खंबाटकीच्या चढावर पहाटे, रस्ता मोकळा असताना, सेकंड गिअर, फुल थ्रॉटल, 5500 आरपीएम. सगळं मूळचं असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात 22 सेंटिमीटरचा फरक. फरक जितका जास्त, तितका हवेला अडथळा जास्त. नवा फिल्टर टाकला तर 20. आणि बॉक्सच्या तोंडाची मूळ स्नॉर्केल (हवा आत घेणारी नळी) काढली तर थेट 12! म्हणजे ज्या फिल्टरच्या नावाने आपण सगळे खडे फोडतो, त्याचा वाटा किरकोळ. स्नॉर्केलचा गळा अरुंद आहे तो आवाज दाबण्यासाठी. कंपनीच्या इंजिनिअरला बायकापोरांसकट शांतपणे जाणारं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, त्याचं बरोबरच आहे.

एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास 98 पास्कल. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो, मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. त्या हिशोबाने दहा सेंटिमीटर वाचले तर एक टक्का हवा जास्त. बस एवढंच. मुंबईचा मित्र घाट चढून पुण्यात आला की याच्या पाचपट हवा गमावतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही.

नवी स्नॉर्केल 75 मिलिमीटरच्या एसडब्ल्यूआर पाइपची, ड्रेनेजला वापरतात तोच. एक लाँग बेंड, एक 45 अंशांचा बेंड, दोन्ही रबर रिंगचे, म्हणून सोल्युशन लावावं लागलं नाही आणि कधीही उपसता येतं. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं. म्हणून फिल्टर आणि थ्रॉटलच्या मध्ये मी ते कधीही घालणार नाही. तिथे तुकडा निघाला तर सरळ व्हॉल्व्हवर जातो. फिल्टरच्या आधी काही निखळलं तरी फिल्टर अडवतो.

सगळ्यात मजा आली पाइपचं तोंड करताना. गॅलरीत हीट गन लावून पाइपचं टोक सैल होईपर्यंत तापवलं आणि पालथ्या ठेवलेल्या स्टीलच्या तांब्याच्या गोल बुडावर दाबून धरलं. वरून ओलं फडकं. अर्ध्या मिनिटात कर्ण्यासारखं छान वळलेलं तोंड तयार. (तांब्या स्वयंपाकघरात परत गेलेला नाही. पीव्हीसीचा वास जाता जात नाही.) धारदार कडेपाशी हवा आत शिरताना फाटते, गोल कडेवरून गुपचूप वळते. कर्ण्याशिवाय 14 सेंटिमीटर, कर्ण्यासह 13.

बॉक्सचं भोक मोठं करावं लागलं, पण मूळ बॉक्स कापला नाही. जुन्या बाजारात रविवारी दुसरा मिळाला, त्याच्यावर करवत चालवली. गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल पाहता, सगळं अर्ध्या तासात मूळपदावर आणता आलं पाहिजे.

आता तापमान. फ्रिजला लावतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर बॉक्सच्या आत सोडला. बाहेर 36 अंश. साठच्या वेगात मूळ बॉक्समध्ये 41, सिग्नलच्या रांगेत पंधरा मिनिटं रखडल्यावर 58. मित्राचा उघडा कोन फिल्टर लावून पाहिला तर चालत्या गाडीत 47 आणि रांगेत 66. म्हणजे तो कोल्ड एअर नव्हे, भट्टीची हवा. नव्या नळीने चालताना 38. रांगेत सुरुवातीला काहीच फरक नव्हता, कारण रेडिएटरचा पंखा गरम हवा बॉक्सवरच फेकत होता. मग एक मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा वाकवून बॉक्सच्या बाजूला लावला, मध्ये बोटभर फट ठेवून. आता 52.

30 अंशांची हवा 60 अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्के घट्ट असते हे खरं, पण डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) तापमानाची दुरुस्ती वर्गमुळाने करतात, म्हणून ताकदीत त्याचे पाचच टक्के उरतात. माझे चालत्या गाडीतले तीन अंश म्हणजे अर्धा टक्का. दाबाचा जवळपास एक. सगळं मिळून एक-सव्वा घोडा. मायलेजची आशा नको. शहरात थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो, हवा घट्ट आली तर पाय थोडा वर येतो, इतकंच.

‘रॅम एअर’चं, म्हणजे वेगामुळे समोरची हवा नळीत आपोआप कोंबली जाण्याचं म्हणाल तर ताशी 100 किलोमीटरला समोरच्या हवेचा जोर सुमारे 420 पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या अर्धा टक्काही नाही. माझ्या नऊ सेंटिमीटरांत त्याचाही थोडा हात असणार.

पाण्याबाबत मात्र तडजोड नाही. पाइपचं तोंड मूळ स्नॉर्केलपेक्षा तसूभरही खाली नाही. बंपरच्या आत खाली तोंड ठेवणाऱ्यांनी जुलैतला एखादा तुंबलेला अंडरपास आठवावा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वेगळं इंजिन कव्हर घेतलेलं नसेल तर विमावाले सहसा हात वर करतात. बॉक्सच्या तळाचं निचऱ्याचं भोक मोकळं ठेवलंय, तोंडाला पानं अडवणारी जाळी आहे.

आवाज? 3500 च्या वर घशातून आल्यासारखा घुमतो. घरच्यांना आवडलेला नाही, मला फार आवडलाय.

पुढचं काम पत्र्याच्या वरच्या कडेला रबर बीडिंग लावून बोनेटशी फट बंद करण्याचं. 1.3 च्या स्विफ्टवर कोणी लाल पाणी लावून पाहिलं असेल तर आरपीएमसकट रीडिंग सांगा, इंजिन तेच आहे, नळीचा फरक समजेल.