नव्या पाण्याचे फोटो आणि राहून गेलेली नावे

कोल्हापुरात कॅमेरा हाती आला, की पावले आपोआप मोठ्या गर्दीकडे वळतात. 2017 साली मी एका परिचितांकडून त्यांचा जुना डीएसएलआर कॅमेरा विकत घेतला आणि पहिल्या वर्षी सर्वांनी जे केले असते तेच केले. महाद्वार रोडवरची गणेश विसर्जनाची मिरवणूक, ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर होणारा कोहळा फोडण्याचा विधी, दसरा चौकातील शाही दसरा आणि चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा असे सगळे मी ओळीने टिपले. दसऱ्याला सूर्यास्ताच्या वेळी शमीपूजन होते, त्यासाठी दुपारपासून जागा धरून उभी राहिले. पण ऐनवेळी माझ्यापुढे इतके मोबाईल उंचावले गेले, की घरी येऊन पाहते तर सोन्याच्या पानांऐवजी लोकांच्या मनगटांचेच फोटो जास्त निघाले. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांचे, म्हणजे यात्रेत नाचवल्या जाणाऱ्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, फोटो बरे आले, मात्र तिथल्या गुलालाने लेन्सच्या कड्यात असे घर केले, की झूम फिरवताना वाळू दळल्यासारखा आवाज येऊ लागला. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्मा आला. त्यानंतर मी पारदर्शक पिशवी आणि रबर यांवर विसंबू लागले, आणि ते आजही पुरते.

एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी बाईने या मोठ्या सोहळ्यांचे फोटो काढून नेमकी कोणती भर घातली, हा प्रश्न मला त्या वर्षाच्या शेवटी पडला. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार तिथे उंच मचाणावर उभे असतात, वरून ड्रोन फिरत असतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोपेक्षा दसपट चांगला फोटो छापून आलेला असतो. त्याच सुमारास आमच्या गल्लीत आषाढाच्या यात्रेची वर्गणी मागायला मुले आली आणि माझ्या लक्षात आले, की लहानपणापासून मी ज्या यात्रेत चालत आले, तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

ही यात्रा बाहेरगावच्या वाचकांना माहीत असेलच असे नाही. पावसाळ्यात पंचगंगेला नवे पाणी येते. ते गढूळ, तांबूस पाणी कलशांत भरून मुली डोक्यावरून त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या, टेकडीवर नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. सगळे शहर एकाच दिवशी निघत नाही. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी प्रत्येक गल्ली, प्रत्येक तालीम आपापला दिवस ठरवते. पुढे पी-ढबाक वाजत असते. वाद्यांच्या आवाजावरूनच पडलेले हे नाव कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही आणि इतरांना ते ऐकवल्याशिवाय समजत नाही. नैवेद्य दाखवून मंडळी परतली, की गल्लीत मटणाचे वाटे होतात आणि संध्याकाळी घरोघरी रस्सा शिजतो. दसऱ्यासारखा याला एकच चौक नाही, एकच मुहूर्त नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याचे नीट चित्रण करायला कोणी थांबत नाही.

2018 च्या आषाढात चार मंगळवार आणि चार शुक्रवार आले होते. त्यांपैकी सहा दिवस मी अर्धी रजा टाकली आणि सहा गल्ल्यांबरोबर घाटापासून टेकडीपर्यंत चालले. जुलैतला प्रकाश सपाट असतो, सावल्या पडत नाहीत, त्यामुळे चेहरे सौम्य येतात, पण प्रकाश कमी असल्याने चालत्या माणसांचे फोटो हलतात. पाणी ओतताना त्याची धार स्पष्ट दिसावी असे वाटत असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या 250 व्या भागाच्या खाली नेता येत नाही, आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 1600 पर्यंत वाढवावा लागला. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांच्या वर उभी होते, त्यामुळे सगळ्या मुलींच्या डोक्यांचे फोटो आले. तिसऱ्या दिवशी खालच्या पायरीवर, ओतलेले पाणी माझ्याच पावलांवरून वाहत असताना उभी राहिले, तेव्हा कुठे कलश कलंडण्याच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत काय असते ते दिसले. बहुतेक जणी त्या क्षणी हसत नाहीत. हात अवघडलेले असतात आणि ओझे उतरल्याचा सुस्कारा चेहऱ्यावर असतो. महिनाअखेर माझ्याकडे 640 फोटो जमले होते आणि मी स्वतःवर फारच खूश होते.

ती खुशी शेजारच्या आक्कांनी घालवली. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून एकेक फोटो दाखवत होते. माझ्या मते सर्वांत सरस असलेल्या फोटोवर, ज्यात एक बारा-तेरा वर्षांची मुलगी पावसात भिजत कडुलिंबाचा डहाळा खोवलेला कलश सावरते आहे, आक्का थांबल्या आणि म्हणाल्या, “ही कुणाची गं पोरगी?” मला ठाऊक नव्हते. “कुठल्या गल्लीची?” तेही मला खात्रीने सांगता येईना. तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, “एवढा फोटो काढलास आणि पोरीला नाव इचारलं न्हाईस व्हय?” त्यांना मला दुखवायचे नव्हते, पण त्या वाक्यानंतर मला पुढचा फोटो दाखवायचे धैर्य झाले नाही.

निदान कोणती गल्ली कोणत्या दिवशी होती हे फाइलमधील तारखेवरून कळेल अशा समजुतीत मी रात्री संगणकापुढे बसले, तर सहाही दिवसांचे सर्व फोटो 1 जानेवारीचे निघाले. कॅमेऱ्यातले घड्याळ चालू ठेवणारी एक लहान बॅटरी आत असते. ती जुन्या कॅमेऱ्यात संपलेली होती, आणि मी चार्जिंगसाठी मोठी बॅटरी बाहेर काढली, की तारीख पुन्हा आरंभापाशी जात होती. तारीख विचारणारी चौकट दरवेळी पडद्यावर येत होती आणि मी घाईत ती दरवेळी पुसून टाकत होते. ही चूक पूर्णपणे माझी होती.

पुढचे सुमारे दोन महिने त्या फोटोंचे दिवस लावण्यात गेले. हे काम कंटाळवाणे असेल असे मला वाटले होते, प्रत्यक्षात संपूर्ण प्रवासात मला सर्वांत जास्त याच कामाने शिकवले. फाइलींचे क्रमांक सलग होते, म्हणून आधी-नंतरचा क्रम पक्का होता. कोणत्या दिवशी कोण आले हे काही फलकांवरून कळले, कारण मंडळाचे नाव लिहिलेला कापडी फलक एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात अर्धा का होईना पकडला गेला होता. दोन दिवस मात्र काही केल्या सुटेनात. त्यांचा उलगडा शेवटी नदीने केला. आषाढात पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढू लागते, पात्रातली लहान देवळे आणि दीपमाळा एकेक करून बुडतात, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी किती फूट पाणी आहे हे पावसाळ्यात रोज वृत्तपत्रात येते. कोल्हापूरकरांना 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. माझ्या फोटोंत कलश भरणाऱ्या मुलींच्या मागे एक दीपमाळ एका दिवशी निम्मी उघडी होती आणि दुसऱ्या दिवशी तिचे फक्त टोक दिसत होते. वाचनालयात बसून त्या महिन्याचे अंक चाळले, पाण्याची पातळी कोणत्या तारखांना चढत गेली ते पाहिले, आणि दोन्ही दिवस जागेवर बसले. ज्या पार्श्वभूमीला मी तोपर्यंत नको असलेली गर्दी समजत होते आणि लेन्सचे छिद्र मोठे ठेवून धूसर करून टाकत होते, तिनेच तारखा सांगितल्या. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी निदान एक फोटो मी मागचे सर्व स्पष्ट येईल असा काढते. तो कोणालाही दाखवण्यासारखा नसतो, पण तो असतो.

नावांचा प्रश्न नदीकडून सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी मी सहा गल्ल्यांत फिरून लोकांना फोटो दाखवायचे ठरवले आणि 4 बाय 6 इंचांच्या प्रती छापून घेतल्या. संगणकाच्या पडद्यावर माणसे फोटो बघतात आणि “लई भारी” म्हणून पुढे जातात, पण कागदाची प्रत हातात दिली की ती चार हातांतून फिरते, उलटी केली जाते, चष्मा मागवला जातो, आणि कोणीतरी हमखास म्हणते, की ही अमक्याची धाकटी, हिची आई माहेरवाशीण म्हणून यात्रेला आली होती. त्या प्रतींच्या मागे पेन्सिलीने मी नावे, नाती आणि गल्ली लिहून घेऊ लागले. एका फोटोच्या बाबतीत दोन घरांनी एकाच मुलीवर हक्क सांगितला. दोन्ही घरे चुलत निघाली आणि मुली दिसायला सारख्या होत्या. कडुलिंबाचा डहाळा असलेल्या मुलीचे घर चौथ्या गल्लीत सापडले. तिच्या वडिलांनी प्रत घेतली, पण माझ्याकडे जरा संशयानेच पाहत विचारले, “वहिनी, हा फोटो कुठं कुठं लावणार तुम्ही?”

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो मला आधीच पडायला हवा होता. मिरवणूक रस्त्यावर होते म्हणून फोटो काढायला कोणी हरकत घेत नाही, परंतु तोच चेहरा, विशेषतः लहान मुलीचा चेहरा, मोबाईलवरून गावभर फिरणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढच्या वर्षापासून मी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना आठवडाभर आधी भेटू लागले, कोणते फोटो कशासाठी काढणार ते सांगू लागले, आणि अल्पवयीन मुलांचा जवळून घेतलेला फोटो आईवडिलांच्या होकाराशिवाय कोठेही द्यायचा नाही असा नियम स्वतःला घातला. काही तालमींत ही परवानगी मिळवायला दोन-तीन खेपा पडल्या. एका ठिकाणच्या कार्यकर्त्यांना मी कोणत्या पक्षाची, कोणत्या वृत्तपत्राची, असे प्रश्न पडले होते, आणि नुसती हौस हे उत्तर त्यांना बराच काळ पटत नव्हते. ज्या गावात खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे आणि मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याच्या कथा अजून सांगितल्या जातात, तिथे कॅमेरा घेतलेल्या बाईला एवढे समजावून सांगावे लागावे याची मला गंमत वाटली.

2019 ची यात्रा वहीसह पार पडली. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला गल्ली, नाव आणि फाइलचा क्रमांक अशी साधी चाळीस पानी वही होती. पावसात शाई फुटते म्हणून पेन्सिल. आषाढ संपला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. पाणी नदीजवळच्या जामदार क्लबपर्यंत आले एवढ्यावर आमच्याकडे पावसाळ्याचा अंदाज बांधला जातो, पण त्या वर्षी सगळेच अंदाज कोलमडले. आमचे घर उंचावर असल्याने वाचले. शाहूपुरीतल्या माझ्या मावशीचे घर मात्र पाण्याखाली गेले, आणि पाणी ओसरल्यावर तिच्या लग्नाचा अल्बम आम्ही उघडला तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्यावरचे रंग चिखलासारखे निघून येत होते. त्या आठवड्यात मी माझ्या सर्व फोटोंच्या आणखी दोन प्रती केल्या; एक वेगळ्या हार्ड डिस्कवर घरात आणि एक पुण्याला भावाकडे. त्याच वेळी वहीतली माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवायला सुरुवात केली, कारण वही आणि फोटो वेगवेगळे झाले तर दोन्ही निरुपयोगी होतील हे मला तोवर कळले होते.

त्यानंतर करोनामुळे दोन आषाढ जवळजवळ रिकामे गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे फार काही नाही.

2023 साली प्रदर्शनाचा विचार निघाला. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात फोटो लावावेत अशी मित्रमंडळींची सूचना होती आणि तिचा मोह मलाही झाला. पण तिथे येणारे बहुतेक जण फोटो पाहायला येणारे असते आणि मला हवे होते ते फोटोत असलेले. म्हणून आमच्याच तालमीच्या वरच्या सभागृहात, आषाढ लागण्याआधीच्या रविवारी, 60 फोटो सनबोर्डवर लावले. खाली कुस्तीचा, लाल मातीचा हौदा असल्याने जिन्याने वर जाणाऱ्या बायकांना आधी थोडे अवघडल्यासारखे झाले. मग आक्का सर्वांत पुढे चालू लागल्या आणि प्रश्न मिटला. प्रत्येक फोटोखाली फोटोओळ होती आणि जिथे नाव माहीत नव्हते तिथे रिकामी जागा सोडून शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली होती. संध्याकाळपर्यंत तिथे अक्षरांची दाटी झाली. कोणी नावे लिहिली, कोणी माझी दोन नावे खोडून दुरुस्त केली, एका फोटोतील वाजंत्र्यांपैकी एक आजोबा आता हयात नाहीत हे त्यांच्या नातवाने तारखेसह लिहिले आणि ती प्रत मागून घेतली. एका बाईंनी आपल्या सुनेचा फोटो काढून ठेवायला सांगितला. कारण विचारले नाही, फोटो लगेच उतरवला.

कडुलिंबाच्या डहाळ्याचा फोटो दाराजवळ होता. ती मुलगी आता महाविद्यालयात जाते. ती आली, बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “काकू, त्या दिवशी कलश माझा नव्हता. बहिणीला ताप आलता म्हणून मी घेतला होता.” मी पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने आपल्या नावाच्या पुढे कंसात बहिणीचे नाव लिहिले, आणि घरी आल्यावर फाइलमधली ओळ मी तशीच बदलली.

वहीत अजून 23 फोटो बिननावाचे आहेत, आणि त्यांतले नऊ एकाच गल्लीतले आहेत. त्या गल्लीची यात्रा शुक्रवारी असते.