जेवण झाल्यावर थोडं रंगवत बसतो

रात्री जेवणं झाली की रंकाळ्यावर एक चक्कर मारायची, नाहीतर कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून महापालिकेपासून वर्ल्डकपपर्यंत सगळ्यांचा निकाल लावायचा, ही कोल्हापुरी माणसाची डोकं शांत करायची जुनी पद्धत. मी हल्ली यातलं काहीच करत नाही. टेबल पुसून झालं की रंगीत पेन्सिलींची पेटी काढतो आणि छापील चित्रात रंग भरत बसतो. पन्नाशीचा बाप्या माणूस, मिशा बिशा सगळं आहे, गल्लीच्या तोंडाला तालीम आहे, आणि मी फुलपाखराच्या पंखाला जांभळा द्यावा का पोपटी याच्यावर गंभीरपणे विचार करतोय. एका मित्राला हे कळलं तर त्याचा फोनच आला, "काय लगा, बरा हाईस न्हवं?"

बरा आहे की. झोप लवकर लागते, आणि रात्री मोबाईलवर लोकांची भांडणं वाचत बसायचो ते बंद झालंय, एवढं पुरे.

माझं काम उद्यमनगरात. छोटं वर्कशॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून पुढं पाठवतो. दिवसभराची सगळी जिंदगी मायक्रोमीटरवर. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं अधिक-उणे २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक, तेवढ्यात बसलं तर जॉब पास नाहीतर रिजेक्ट, आणि रिजेक्ट झाला की सगळा खर्च आमच्या बोकांडी. त्यात लाईट जाते, टूलची धार बसते, पोरगा सुट्टीवर जातो, पेमेंट 'पुढच्या आठवड्यात' असतं आणि तो पुढचा आठवडा कुठल्या महिन्यातला ते कुणी सांगत नाही. अशा माणसानं घरी येऊन परत रेषेच्या आत राहायचं काम कशाला अंगावर घ्यावं? हा प्रश्न बायकोचा, आणि बिनतोड आहे.

पण गंमत तिथंच आहे बघा. या पुस्तकात रेष आहे पण तपासणारा नाही. पेन्सिल बाहेर गेली तर गेली. कुणी जॉब परत पाठवत नाही, कुणाला फोन करून सॉरी म्हणावं लागत नाही, कागदाच्या त्या कोपऱ्यात झाडाचं एक पान जरा जाड दिसतं एवढंच. दिवसभर ज्या गोष्टीची भीती बाळगायची तीच गोष्ट रात्री अर्धा तास बिनधास्त करायला मिळते, याच्यापेक्षा स्वस्त सुख मला तरी माहीत नाही.

पुस्तक पोरीचं. ती शिकायला पुण्याला गेली आणि कपाटात हे राहिलं, पेन्सिली मात्र मी महाद्वार रोडवरनं नवीन आणल्या. दुकानदारानं विचारलं, "पोरगं कितवीत आहे?" मी म्हटलं सहावीत. उगाच कशाला चर्चा.

आता जरा कामाचं बोलतो. रंगीत पेन्सिलीच्या आतली कांडी म्हणजे शिसं नव्हे आणि ग्रॅफाइट पण नव्हे, रंगाची पूड, मेण किंवा तेल, आणि थोडी मातीसारखी भर यांचं ते मिश्रण असतं, मेणाचा रंगीत खडूच समजा, फक्त लाकडात घातलेला. म्हणून ती जोरात दाबायची नाही. आपल्याला शाळेपासून सवय काय, तर जीभ बाहेर काढून, पाठीमागच्या पानावर खड्डा उठेपर्यंत घासायचं. कागदाला बारीक खरबरीतपणा असतो, त्याच्या उंचवट्यांवर रंग बसतो आणि खळग्यात पांढरं राहतं, पहिल्याच दणक्यात दाबलात तर मेणाचा गुळगुळीत थर होतो आणि वरनं दुसरा रंग धरतच नाही. त्यापेक्षा टोक तिरकं धरायचं, बारीक बारीक गोल फिरवत एक हलका हात मारायचा, मग त्याच्यावर दुसरा. पिवळ्यावर हलका तांबडा फिरवला की हळूहळू केशरी उगवतो, आणि तो पेटीतल्या तयार केशरीपेक्षा कितीतरी जिवंत असतो. हे मी कितीही वेळा करू शकतो. हाताखाली पिवळं पान केशरी व्हायला लागतं, सर्र सर्र असा पेन्सिलीचा आवाज चाललेला असतो, आणि मधेच लक्षात येतं की त्या रखडलेल्या पेमेंटचा विचार बऱ्याच वेळापासून डोक्यात आलाच नाही. आठवण झाली की येतो परत, पण तेवढा वेळ तरी गेलेला असतो.

अजून एक, गडद भरलेल्या चित्रावर काही दिवसांनी पांढुरकं धुकट आल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, बुरशी नाही ती, मेण वर येतं. मऊ फडक्यानं हलकं पुसलं की जातं. आणि पेन्सिल खाली पाडू नका, वरनं धड दिसते पण आत कांडीचे तुकडे झालेले असतात, मग टोक करायला गेलं की एक तुकडा पडतो, परत केलं की परत एक, पेन्सिल शार्पनरमध्येच संपते आणि आपण शिव्या कंपनीला घालतो.

शिव्यांवरनं आठवलं, कंपनी आपल्यासाठी कायम एकच होती. आमच्या वेळी कंपासपेटी, शाई, रंग, सगळ्यावर तो उंट. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करायला सुरुवात केली त्याचं पुढं कॅमलिन झालं, हे मला फार उशिरा कळलं, मी बरीच वर्षं उंट म्हणजे राजस्थानची कंपनी असणार असं धरून चाललो होतो. बारा रंगांची पेटी मिळायची. चोवीसची ज्याच्याकडं असेल तो वर्गातला सावकार, त्याच्याकडनं 'अंगाचा रंग' उसना घ्यायला लाईन लागायची. आता चोवीसची पेटी माझ्याकडं आहे आणि तो अंगाचा रंग कुणाच्याच अंगाचा नाही हे पण दिसतंय.

खरी अडचण वेगळीच आहे. कोल्हापुरात राहून 'मला चित्रकला येत नाही' म्हणणं सोपं नाही. या गावाला कलापूर म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. शाहू महाराजांच्या दरबारी आबालाल रहिमान होते, रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ असली आपण रोज बघून न बघितल्यासारखी करतो ती ठिकाणं त्यांनी अशी रंगवली की अजून चित्रकार त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतात. बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळले आणि कॅमेरा मिळेना म्हणून स्वतः बनवला, इथंच, गावात. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, मी रोज त्याच्यावरनं जातो. (मशीनवाला माणूस म्हणून सांगतो, त्या काळात असल्या हत्यारांवर कॅमेऱ्याचं काम जमवणं म्हणजे खाऊ नाही.) आता अशा गावात दर दहाव्या घरात कुणी ना कुणी दळवीज नाहीतर कलानिकेतन असल्या चित्रकलेच्या कॉलेजला जाऊन आलेलं असतं, भिंतीवर रंगवलेला साधा बोर्ड पण देखणा असतो, आणि आपण मात्र शाळेतल्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला सी ग्रेड. त्या परीक्षेतलं स्मरणचित्र आठवतंय का? 'बागेत खेळणारी मुले' काढा म्हणायचे. माझी मुलं बागेत खेळत नव्हती, बागेत सापडलेली होती. फक्त संकल्पचित्र मात्र मला आवडायचं, कारण तिथं एकदा आकार आखून झाले की नुसतं पोस्टर कलर एकसारखा भरत जायचं, कुणाच्या हातापायाची भानगड नाही.

म्हणून हा छापील चित्रांचा धंदा मला आमच्यासारख्यांची सोय वाटतो. कोरा कागद हा चित्रकारासाठी असतो, आमच्यासाठी ती धमकी आहे. काय काढू, कसं काढू, बघणारा काय म्हणेल. छापलेल्या पानात काय काढायचं हे दुसऱ्यानं आधीच ठरवलंय, तो शहाणा माणूस आहे, त्याला हत्तीचा पाय कुठं वाकतो ते माहीत आहे, आपण फक्त पुढचा कुठला रंग एवढंच बघायचं. दिवसभरात माणसाला निर्णय घेऊन घेऊन कंटाळा येतो, पण अजिबात निर्णय नसला तरी डोकं भटकायला लागतं. एवढासा निर्णय, चुकला तरी काही बिघडत नाही असा, तो बरोबर मापात बसतो.

आणि हे माझं एकट्याचं खूळ नाही. २००५ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजच्या दोघांनी ८४ विद्यार्थ्यांवर हे करून बघितलेलं. आधी त्या पोरांना आयुष्यातल्या भीतीदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावून चांगलं टेन्शन दिलं, मग वीस मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना मंडल, म्हणजे ती गोल नक्षी, काहींना चौकड्यांचं डिझाईन, आणि काहींना कोरा कागद, काय करायचं ते करा म्हणून. पहिल्या दोन गटांचं टेन्शन उतरलं, जवळपास सारखंच, कोऱ्या कागदवाल्यांचं तसं काही उतरलं नाही. मी हे वाचलं तेव्हा मला काय आनंद झाला सांगू, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना नेऊन दाखवावंसं वाटलं. अर्थात एवढ्याशा प्रयोगावरनं फार उड्या मारू नयेत. आर्ट थेरपीवाले स्वतःच सांगतात की पुस्तकात रंग भरणं म्हणजे थेरपी नव्हे, तिथं शिकलेला माणूस समोर बसलेला लागतो. ज्याला खरंच आतनं त्रास होतोय त्यानं डॉक्टरकडं जावं, पेन्सिलीच्या भरवशावर राहू नये. माझ्यासारख्या नुसत्या वैतागलेल्या माणसापुरतं हे ठीक आहे.

त्या मंडलावरनं एक तक्रार आहे. हल्ली 'मोठ्यांसाठी' म्हणून जी पुस्तकं विकतात त्यात इतकी बारीक बारीक नक्षी असते की चाळीशीचा चष्मा लावून पण कळत नाही पाकळी कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली. एकदा असलं पान सुरू केलं, मान आखडली, डोळ्यांतनं पाणी, आणि मी त्या मोकळ्या जागा मोजायला लागलो. सोडून दिलं. वर कव्हरवर लिहिलेलं 'तणावमुक्ती'. त्यापेक्षा पहिली-दुसरीच्या पोरांची जाड रेषांची पुस्तकं घ्या, आंबा, बदक, बैलगाडी, कमी पैशात येतात आणि मोठ्या जागेत रंगावर रंग चढवायला वाव मिळतो. एका आंब्यात हिरव्यापासनं केशरीपर्यंत जायला मला दोन रात्री सहज पुरतात.

गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलेलो, घरची मूर्ती सांगायला. तिथं शेडमध्ये रांगेनं मूर्ती, एक मामा स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. बारीक ब्रश, श्वास धरलेला, एका झटक्यात भुवई, मग पापणीची कड, मग दुसरा डोळा तंतोतंत पहिल्यासारखा, आणि त्या क्षणी माती बघायला लागते. मला आता या विषयातलं कळतं असा माझा समज, म्हणून मी म्हटलं, "मामा, दिवसभर असं रंगवताना डोकं एकदम शांत होत असंल न्हाई?" त्यांनी मान पण वळवली नाही. "शांत व्हाय टाइम कुणाला हाय पाव्हणं, परवा मंडळाचं आगमन हाय, अजून पितांबर ऱ्हायलाय." बरोबर आहे. त्यांचा डोळा म्हणजे माझा २० मायक्रॉनवाला जॉब. त्यांनी घरी जाऊन लेथ चालवली तर त्यांना कदाचित बरं वाटेल.

म्हणूनच मी रंगवलेलं स्टेटसला टाकत नाही. एकदा टाकलेलं एक मोराचं. पन्नासेक लोकांनी अंगठे दिले, मावशीनं 'खूप छान बाळा' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी रंगवायला बसलो तर हात दबकत चाललेला, हा रंग फोटोत कसा दिसेल म्हणून. झालं, आला की इन्स्पेक्टर परत. तेव्हापासनं बंद. गल्लीतलं एक चौथीतलं पोरगं तेवढं अधनंमधनं येऊन बघतं, त्याचं मत परखड असतं. "काका, झाड गुलाबी कुठं असतंय?" मी म्हटलं, चैत्रात जोतिबाला जाऊन ये, झाड सोड, माणसं, पायऱ्या, शिखर, कुत्री, सगळं गुलालानं गुलाबी असतंय. त्याला पटलं नाही. असू दे, चौथीत माणूस नियमाचा पक्का असतो.

बाकी भरलेल्या पानांचं काय करायचं हा प्रश्न राहतो. फ्रेम करण्यासारखं त्यात काही नसतं. ठेवून ठेवून ठेवणार किती, पोरीच्या कपाटात आधीच जागा नाही. तर बायकोनं तो विषय तिच्या पद्धतीनं सोडवलाय, पुस्तक भरलं की ते पेपरच्या गठ्ठ्यात जातं. रद्दीवाला फक्त स्पायरल तेवढी काढून द्या म्हणतो, वजनात धरत नाही.