पडद्यावरची पीआरवाली आणि रात्री दोनची प्रेस नोट

मी पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात आहे म्हटलं की समोरचा एकतर विचारतो "म्हणजे पार्ट्या वगैरे?" नाहीतर "म्हणजे बातम्या दाबायचं काम ना?" अकरा वर्षं झाली या कामात, आधी पुण्यात आणि आता मुंबईत, पण हे दोन प्रश्न काही बदलले नाहीत. मागच्या महिन्यात घरी आईसोबत 'हिरोईन' बघत होते, मधुर भांडारकरचा २०१२ चा, त्यात करीना कपूरच्या पीआरवालीचं काम दिव्या दत्तानं केलंय आणि फार चांगलं केलंय, पण पिक्चर अर्धा झाला असेल आणि आई हळूच म्हणाली, "तू पण असंच करतेस का गं?"

मला एकदम बोलता आलं नाही.

मग मनातल्या मनात आठवत बसले की आपल्या कामाच्या बायका पडद्यावर कुठेकुठे पाहिल्यात. सगळ्यात फेमस म्हणजे 'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन सिरीजमधली समॅंथा, किम कॅट्रलनं केलेली. त्या सिरीजवरच्या २०१० च्या पिक्चरमध्ये एका शेखच्या हॉटेलची पीआर कॅम्पेन करायची म्हणून तिला अबू धाबीला बोलावतात, तर आता काम दिसेल असं वाटतं, पण दिसतात ते कपडे, बीच आणि शेवटी अटक, कॅम्पेनचा एक कागदसुद्धा दिसत नाही. ब्रिटिश 'ॲब्सोल्यूटली फॅब्युलस'मधली एडिना १९९२ पासून हातात ग्लास घेऊनच आहे. आणि 'स्लायडिंग डोअर्स' (१९९८) हा माझा खरंच आवडता पिक्चर, ग्वेनेथ पाल्ट्रोची हेलन लंडनच्या पीआर कंपनीत असते, सुरुवातीलाच तिची नोकरी जाते, मग ट्रेन मिळाली तर एक आयुष्य आणि चुकली तर दुसरं. ट्रेन मिळालेल्या आयुष्यात ती स्वतःची पीआर फर्म काढते, केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण तिचे केस कापलेले जितके लक्षात राहतात तितकी ती फर्म राहत नाही.

आता पुरुषांचं बघा. १९६२ च्या 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस'मध्ये जॅक लेमन पीआरवाला आहे, क्लायंटच्या पार्टीसाठी मुली जमवायचं काम त्याच्यावर येतं आणि त्याला स्वतःचीच किळस यायला लागते. 'फोन बूथ'मधला कॉलिन फॅरेल लोकांना थापा मारत जगलेला असतो, त्याला शेवटी भर रस्त्यात सगळं कबूल करावं लागतं. म्हणजे पुरुष पीआरमध्ये असेल तर त्याला मन असतं, ते त्याला खातं, आणि त्यावर अख्खा पिक्चर उभा राहतो. बाई असेल तर तिला वॉर्डरोब मिळतो. मला राग येतो तो याचा. पार्ट्या दाखवा, असतात पार्ट्या, पण आम्हालाही रात्री झोप लागत नाही हे कुणी का दाखवत नाही?

समॅंथाचा एक सीन मात्र मी कधीच विसरणार नाही, सिरीजमधला आहे, २००१ चा. एक मोठा हॉटेलवाला तिच्या खाजगी आयुष्यावरून तिला काम द्यायला कचरतो, ती त्याला तोंडावर सुनावते की मी पुरुष असते तर तुम्ही हे मनातही आणलं नसतं, ताठ मानेनं बाहेर पडते आणि लिफ्टपाशी गेल्यावर तिच्या डोळ्यात पाणी येतं. ती लिफ्ट आमच्यातल्या प्रत्येकीला माहितीये.

आणि बाकीच्या कितीतरी जणी तर पडद्यावर येतच नाहीत. पावसात लोकल बंद पडल्यावर शंभर पत्रकारांचे फोन घेणारी रेल्वेची पीआरओ, हॉस्पिटलची पीआरओ, जिल्हा माहिती कार्यालयात बसून मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी लिहिणारी अधिकारी. आमचं काम मुळात लिहिण्याचं आहे हो! इंग्रजी प्रेस नोट मराठीत अशी आणायची की तालुक्याच्या पानावरच्या उपसंपादकाला ती वाचवेल, मग मेल, मग फोन, मग परत फोन, "मॅडम डेडलाइन आहे, नंतर बोलू," मग परत फोन.

त्या रात्री शेवटी मी आईला एक गोष्ट सांगितली जी आधी सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या कारखान्यात वायू गळती झाली, दोन कामगार हॉस्पिटलमध्ये होते, आणि रात्री दोन वाजता मी स्टेटमेंट लिहीत होते. वरून निरोप आला की "किरकोळ घटना" असं लिही. मी "किरकोळ" लिहिलं नाही. परत फोन आला, आवाज चढला, माझे सिनियरही म्हणाले की अगं एक शब्द आहे, टाक आणि झोप. मी म्हटलं त्या दोघांच्या घरचे उद्या पेपर वाचतील, मी हा शब्द टाकणार नाही, हवं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. पहाटे चारला तो शब्द न घालता नोट गेली. पुढच्या रिव्ह्यूमध्ये माझं नाव "को-ऑपरेटिव्ह नाही" या रकान्यात होतं आणि सहा महिन्यांनी मी ती एजन्सी सोडली.

आईनं टीव्हीचा आवाज बंद केला होता, पडद्यावर दिव्या दत्ता कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनं विचारलं, "ते दोघं कामगार बरे झाले ना गं?"

झाले. नवव्या दिवशी दोघं घरी गेले, मी रोज फोन करून विचारत होते.