पासाडेनातला मंगळवार

एवढ्या लांब जाऊन मी फक्त चपला-बूट बघून आलो.

22 फेब्रुवारी 2025, शनिवार. मुलाकडे लॉस एंजेलिसला मुक्काम होता. जवळच्या पासाडेनात एन-डबल-ए-सी-पी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे 56वे इमेज अवॉर्ड्स आहेत म्हणून कळलं, तेव्हा म्हटलं निदान बाहेरून तरी बघू. मुलगा म्हणाला, "बाबा, बॅरिकेडपाशी उभं राहून काय दिसणार?" ऐकतो कोण! ए लाइनने मेमोरियल पार्क स्टेशनला उतरलो आणि चालत ग्रीन स्ट्रीट गाठला.

ऑडिटोरियमसमोर पांढऱ्या कापडाचा आडोसा. कापड जमिनीपासून वीतभर वर, आणि त्या फटीतून दिसत होते ते चालणारे पाय. सोनेरी सँडल, काचेसारखे चकाकणारे काळे बूट, एक कुणीतरी बिचारी टाच सरळ करायला दर चार पावलांनी थांबणारी. माझ्या शेजारी चर्चला घालायची मोठी जांभळी हॅट घातलेल्या एक आजी होत्या. त्या बुटांवरून माणसं ओळखायच्या आणि नावाने हाका मारायच्या. बरोबर ओळखत होत्या की चूक, ते आडोशापलीकडच्यांनाच ठाऊक.

एन-डबल-ए-सी-पी म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल. संस्था 1909 सालची. 'कलर्ड' हा शब्द आता कुणी वापरत नाही, संस्थेने मात्र नाव बदललेलं नाही. पुरस्कार सुरू झाले 1967 साली, आणि सुरू करणारी कुणी बडी नटी नव्हती, सिनेमात स्टंट करणारी टोनी वाझ होती. पडद्यावर काळ्या माणसाला मोलकरीण नाहीतर गुंड, याचा तिला वीट आला होता. ज्यांनी बरी कामं दिली त्यांचे आभार मानू, अशी तिची साधी कल्पना. म्हणून नाव 'इमेज'. 2024च्या ऑक्टोबरात ती 101व्या वर्षी वारली. साहित्याचेही पुरस्कार असतात, पण ते मुख्य सोहळ्याआधीच उरकतात. लेखकाचे बूट बघायला कोण उभं राहणार म्हणा!

आजींना विचारलं, तुम्ही इथल्याच का? म्हणाल्या, "आल्टाडेना." मग काही वेळ त्या गप्पच. 7 जानेवारीला लागलेल्या ईटन वणव्यात पासाडेनाच्या डोक्यावरच्या या गावात आणि आसपास मिळून 9 हजारांहून जास्त इमारती जळाल्या. इतरत्र घरं विकत मिळत नव्हती तेव्हा काळ्या कुटुंबांनी जी जागा धरली, ती ही. समोरच्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वणव्याच्या दिवसांत निर्वासितांच्या खाटा होत्या. आजींचं घर वाचलं, बहिणीचं गेलं. "धुराडं तेवढं उभं आहे," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या बुटांना हाक मारली.

पाय दुखायला लागल्यावर गारफील्ड ॲव्हेन्यूने सिटी हॉलकडे निघालो. तिथे समोर माणसापेक्षा उंच अशी ब्राँझची दोन डोकी आहेत, जॅकी रॉबिन्सन आणि त्याचा मोठा भाऊ मॅक. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत 1947 साली पाडणारा जॅकी लहानाचा मोठा झाला तो याच गावात. त्याचं तोंड पूर्वेला, तो ज्या संघाकडून खेळला त्या ब्रुकलिनकडे. मॅकचं तोंड सिटी हॉलकडे. मॅकने 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटरला रौप्यपदक मिळवलं, पुढे फक्त जेसी ओवेन्स. घरी आल्यावर या गावाने त्याला रस्ते झाडायचं काम दिलं. ऑलिंपिकचं जाकीट घालून तो झाडू मारायचा. पुढे नगरपालिकेच्या तलावाचा निकाल विरोधात गेला, तेव्हा तिने काळे कर्मचारीच काढून टाकले. त्यात मॅकही होता.

हा तलाव म्हणजे ब्रुकसाइड पार्कातला पोहण्याचा तलाव. गोऱ्यांना आठवडाभर, बाकी सगळ्यांना एकच दिवस, मंगळवार. त्यानंतर पाणी सोडून द्यायचं, टाकी धुवायची, नवं पाणी भरायचं. एन-डबल-ए-सी-पी कोर्टात गेली. तलाव सर्वांना खुला झाला 1947 साली.

मी महाडचा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि नंतर गावाने शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे 108 घडे तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली. आमच्या शाळेत सत्याग्रह शिकवत, घडे कुणी वाहिले ते शिकवत नसत. आमच्याच आळीतले आजोबा-पणजोबा असणार, दुसरं कोण? त्या ब्राँझच्या डोक्यांपुढे उभं राहून हे आठवलं आणि जरा खाली बसलो.

संध्याकाळी उरलेला सोहळा मुलाच्या टीव्हीवर पाहिला. किकी पाल्मर एंटरटेनर ऑफ द इयर झाली. कमला हॅरिसना चेअरमन्स अवॉर्ड मिळाला. सूनबाई म्हणाली, "आई चेन्नईची ना त्यांची?" मी मात्र दुसऱ्याच एका पत्रव्यवहारात होतो. 1946च्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि इथल्या काळ्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, असा त्यातला आशय. इथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. डु बॉइस हे एन-डबल-ए-सी-पीच्या संस्थापकांपैकी, तेव्हा तिथेच काम करत होते. त्यांनी त्याच जुलैत उत्तर धाडलं. टीव्हीवर टाळ्या चालल्या होत्या. मी सूनबाईला हे सगळं सांगत बसलो आणि तिची भाजी लागली.

आता एक सांगायचं राहिलं. ब्रुकसाइड पार्कात त्या जुन्या तलावाच्या जागी आज रोझ बाउल ॲक्वाटिक्स सेंटर आहे. माझा नातू गेल्या उन्हाळ्यापासून तिथेच पोहायला शिकतो. क्लास मंगळवारी. मीच घेऊन जातो त्याला, टॉवेल खांद्यावर टाकून बाकावर बसतो. परवा बाहेर आला तो दात वाजवत. म्हणाला, "आजोबा, पाणी खूप गार आहे, उद्या येऊ या का?"

म्हटलं, "येऊ की. कुठलाही वार चालेल."